योग, रूढी आणि एका खनिजाचे नाव

१

काव्याची भाषा आणि शास्त्राची भाषा यांत मूलभूत भेद आहे, हे गृहीतक मराठी समीक्षेत इतके रुळले आहे की त्याची फेरतपासणी सहसा होत नाही. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी १९२४ मधील आपल्या समीक्षातत्त्वविषयक ग्रंथात भाषेच्या निर्देशात्मक आणि भावनात्मक अशा दोन उपयोगांची फोड केली होती. ती फोड उपयोगांची होती. अध्यापनाच्या सोयीसाठी मात्र ती हळूहळू शब्दांची फोड होऊन बसली. शास्त्रातला शब्द एकार्थी, पारदर्शक आणि कोणत्याही भाषेत निर्वेधपणे नेता येण्याजोगा. काव्यातला शब्द अनेकार्थी, अपारदर्शक आणि भाषांतराला दाद न देणारा, अशी वाटणी करण्यात आली. पुढे संरचनावादोत्तर विचार मराठीत आला तेव्हा या वाटणीची प्रतिक्रिया म्हणून दुसरे टोक गाठले गेले. प्रत्येक चिन्हात अर्थाची क्रीडा अखंड चालू असते, तेव्हा शास्त्राचा शब्दही अखेर एक विसरलेले रूपकच होय, असे प्रतिपादन होऊ लागले.

ही दोन मते परस्परविरोधी दिसत असली तरी त्यांचे अधिष्ठान एकच आहे. काव्यात्मता हा शब्दाच्या अंगी असणारा किंवा नसणारा गुण आहे, असे दोन्ही पक्ष मानतात. पहिला पक्ष तो गुण काही शब्दांना नाकारतो, दुसरा सर्वच शब्दांना बहाल करतो. या समान अधिष्ठानाची परीक्षा करायची तर पहिल्या पक्षाला सर्वांत अनुकूल ठरेल असे उदाहरण घेणे न्याय्य होईल. ज्यात कल्पकतेला किंचितही वाव दिसू नये, जे केवळ घटकद्रव्यांची यादी असावे, असे एखादे शास्त्रीय नाव त्यासाठी हवे. ‘कॅव्हान्साइट’ हे एका दुर्मिळ खनिजाचे नाव तसे आहे.

२

हे खनिज अमेरिकेतील ओरेगन राज्यात १९६७ मध्ये प्रथम आढळले. स्टेपल्स, इव्हान्स आणि लिंडसे या तीन शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये ‘अमेरिकन मिनरॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन घटकांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे जुळवून त्यांनी त्याचे नाव बनवले. बेसाल्ट खडकातील पोकळ्यांत वाढणाऱ्या या खनिजाचा रंग गडद, झळझळीत निळा असतो. जगातील त्याचे सर्वोत्कृष्ट नमुने पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणींतून मिळाले, आणि खनिजसंग्राहकांच्या जगात आज त्याची ओळख ओरेगनपेक्षा पुण्याशी अधिक निगडित आहे.

नावाची ही घडण वरवर पाहता आदर्श शास्त्रीय घडण आहे. त्यात शोधकर्त्याची स्तुती नाही, गावाचा अभिमान नाही, रंगाची उपमा नाही. भारतीय शब्दविचारात शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे जे मुख्य प्रकार मानले जातात, त्यांपैकी पहिल्या प्रकारात त्याची गणना करण्याचा मोह सहजच होतो. यौगिक शब्दाचा अर्थ त्याच्या अवयवांच्या अर्थांतून सरळ निष्पन्न होतो. ‘पाचक’ म्हणजे पचवणारा वा शिजवणारा, तसेच ‘कॅव्हान्साइट’ म्हणजे कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकेट यांनी बनलेले.

परंतु अवयवांचा अर्थ स्पष्ट आहे असे म्हणताना ते अवयव स्वतः कोठून आले, हा प्रश्न मागे उरतो. ‘कॅल्शियम’च्या मुळाशी ‘कॅल्क्स’ हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ चुना. ‘सिलिकेट’च्या मुळाशी ‘सिलेक्स’ आहे. ज्या कठीण दगडावर आघात करून ठिणगी पाडतात तो दगड, म्हणजे मराठीत ज्याला गारगोटी म्हणता येईल तो. मधल्या अवयवाची कथा याहून वेगळी आहे. मेक्सिकोतील झिमापान येथील शिशाच्या खनिजात आंद्रेस मान्युएल देल रिओ यांना १८०१ मध्ये एक नवे मूलद्रव्य आढळले. त्याच्या क्षारांचे विविध रंग पाहून त्यांनी त्याला आधी ‘सर्वरंगी’ अशा अर्थाचे आणि नंतर, तापवल्यावर येणाऱ्या लाल रंगावरून, ‘तांबडे’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. हे द्रव्य म्हणजे क्रोमियमच होय, असे मत पुढे आल्यावर त्यांनी आपला दावा सोडला. १८३० मध्ये स्वीडनमध्ये सेफस्ट्रम यांना तेच मूलद्रव्य लोखंडाच्या संदर्भात पुन्हा सापडले. त्याच्या संयुगांच्या रंगसौंदर्यामुळे त्याला उत्तर युरोपीय पुराणातील सौंदर्यदेवता फ्रेया हिच्या ‘व्हॅनाडिस’ या नावावरून ‘व्हॅनेडियम’ म्हटले गेले.

म्हणजे घटकांची कोरडी यादी वाटणाऱ्या या नावाची मराठीत फोड केली तर चुना, देवी आणि गारगोटी असे तीन अवयव हाती येतात. ज्या नावात पुराण असण्याची शक्यता सर्वांत कमी, त्याच्या ऐन मध्यभागी एक देवता बसलेली आहे. इतकेच नव्हे, तर या खनिजाला निळा रंग व्हॅनेडियममुळेच येतो. रंगांच्या देवतेचे नाव ज्या अवयवात आहे, त्याच अवयवाने निर्दिष्ट केलेले द्रव्य त्या रंगाचे कारण आहे. नाव बनवणाऱ्यांनी रंगाचा निर्देश टाळला होता, तरी तो त्यांच्या नकळत नावात आला.

येथे थांबले तर दुसऱ्या पक्षाचा विजय झाल्यासारखे वाटेल. पाहा, शास्त्राच्या शब्दातही रूपक निघाले, असे म्हणून विषय संपवता येईल. पण हा विजय खरा नाही, हे दाखवण्यासाठी प्रथम यौगिकतेच्या दाव्याचीच छाननी करावी लागते.

३

यास्कांच्या ‘निरुक्ता’त नामे क्रियावाचक धातूंपासून निष्पन्न झाली आहेत की नाहीत, याविषयीचा वाद नोंदवलेला आहे. शाकटायन आणि बहुसंख्य नैरुक्त यांचे मत असे की सर्व नामे धातुज आहेत. गार्ग्य आणि काही वैयाकरण यांना ते मान्य नाही. गार्ग्यांचा एक आक्षेप विशेष मार्मिक आहे. क्रियेवरून नाव पडत असेल तर ती क्रिया करणाऱ्या प्रत्येकाला ते नाव लागू व्हायला हवे. मार्ग व्यापतो म्हणून अश्व, तर मार्ग व्यापणाऱ्या कोणालाही अश्व म्हणावे लागेल. टोचते म्हणून तृण, तर टोचणारी प्रत्येक वस्तू तृण ठरेल. व्यवहारात तसे होत नाही. तेव्हा अवयवार्थ हे नावाच्या अर्थाचे पुरेसे कारण नव्हे.

कॅव्हान्साइटच्या बाबतीत गार्ग्यांचा हा आक्षेप अक्षरशः लागू पडतो. ज्या लेखात हे नाव प्रथम जाहीर झाले, त्याच लेखात ‘पेंटॅगोनाइट’ या दुसऱ्या खनिजाचेही वर्णन आहे. या दोन्ही खनिजांचे रासायनिक सूत्र एकच आहे. तेच कॅल्शियम, तेच व्हॅनेडियम, तेच सिलिकेट आणि पाण्याचे तेवढेच रेणू. भिन्न आहे ती अणूंची स्फटिकातील मांडणी. घटकद्रव्ये हाच नावाचा अर्थ असेल तर पेंटॅगोनाइटलाही कॅव्हान्साइट म्हणावे लागेल. शास्त्र तसे म्हणत नाही. एकाच वेळी जन्मलेल्या दोन भावंडांपैकी एकाला दोघांचेही वर्णन करणारे नाव मिळाले आणि दुसऱ्याला वेगळे नाव शोधावे लागले.

यावरून ‘कॅव्हान्साइट’ हा शब्द यौगिक नसून योगरूढ आहे, हे स्पष्ट होते. चिखलात जन्मणाऱ्या अनेक वस्तू असताना ‘पंकज’ म्हणजे कमळच, हे जसे रूढीने ठरते, तसेच कॅल्शियम-व्हॅनेडियम-सिलिकेटांपैकी अमुक एका रचनेचे द्रव्य म्हणजे कॅव्हान्साइट, हेही रूढीनेच ठरले. शास्त्राच्या बाबतीत ही रूढी लोकव्यवहारातून सावकाश घडत नाही. ती एका लेखाने आणि नावांना मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या निर्णयाने एकदमच स्थापित होते. पण कालावधीचा हा फरक प्रकाराचा फरक नव्हे. पारदर्शकता हे ज्या नावाचे वैशिष्ट्य समजले गेले, ते नाव पारदर्शकतेमुळे आपले काम करीत नाही. पारदर्शकता अपुरी पडत असूनही ते काम करते.

पेंटॅगोनाइटच्या नावात तर उपमाच शास्त्रीय संज्ञा झाली आहे. ‘पेंटॅगॉन’ म्हणजे पंचकोन. पण नियमित पुनरावृत्तीने घडलेल्या स्फटिकाच्या रचनेत पंचमित सममिती असू शकत नाही, हे स्फटिकशास्त्राचे एक प्राथमिक तत्त्व आहे. या खनिजाचे अनेक स्फटिक विशिष्ट कोनांत एकमेकांना जुळून वाढतात आणि त्या जुळणीचा छेद पाच टोकांच्या चांदणीसारखा दिसतो. नाव दिसण्यावरून पडले, असण्यावरून नव्हे. तरीही या नावामुळे कोणाही खनिजशास्त्रज्ञाची दिशाभूल होत नाही, आणि का होत नाही हे पाहणेच येथे महत्त्वाचे आहे.

४

कॅव्हान्साइट हा अपवाद आहे, अशी शंका येणे शक्य आहे. म्हणून खनिजनामांच्या परंपरेकडे थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक ठरते. या परंपरेत शब्दक्रीडा अपघाताने शिरलेली नाही. नामकरणाची ती एक मान्य रीत आहे.

जर्मन खनिजशास्त्रज्ञ आब्राहाम वेर्नर यांनी १७८६ मध्ये एका खनिजाला ‘ॲपॅटाइट’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘आपाते’ म्हणजे फसवणूक. हे खनिज वारंवार दुसऱ्या रत्नखनिजांच्या नावाखाली खपत असे. म्हणून त्याच्या नावातच त्याच्या लबाडीची नोंद झाली. क्वॉर्ट्‌झ म्हणून ओळखले जाणारे एक द्रव्य वेगळे असल्याचे ध्यानात आल्यावर त्याला १८३३ मध्ये ‘फेनाकाइट’ म्हणजे ‘ठकसेन’ अशा अर्थाचे नाव मिळाले. शिशाच्या खनिजासारखे दिसून शिसे मात्र न देणारे जस्ताचे खनिज ‘स्फॅलेराइट’, म्हणजे दगा देणारे, ठरले. या तिन्ही नावांत एक विलक्षण अंतर्विरोध आहे. फसवणूक उघडकीस आली त्या क्षणी नाव दिले गेले. त्यामुळे ज्या गुणावरून नाव पडले तो गुण नाव पडताच संपला. ओळखल्या गेलेल्या ठकाला ठक म्हणत राहणे, असा हा प्रकार आहे. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर अचेतनावर चेतनाच्या व्यवहाराचा हा आरोप आहे, आणि तो कोणत्याही कवीने नव्हे तर वर्गीकरणाच्या शिस्तीसाठी ख्यातनाम असलेल्या शास्त्रज्ञाने केलेला आहे.

याहून गुंतागुंतीचे उदाहरण ‘चाल्कोमेनाइट’चे आहे. हे तांबे आणि सेलेनियम यांचे खनिज. ‘चाल्कोस’ म्हणजे तांबे, हा पहिला अवयव सरळ आहे. दुसऱ्या अवयवात सेलेनियमचे नाव येत नाही. ‘मेने’ म्हणजे चंद्र, हा ग्रीक शब्द येतो. ‘सेलेनियम’ हे नावही चंद्राच्या ‘सेलेने’ या ग्रीक नावावरूनच पडलेले आहे. म्हणून सेलेनियम सुचवण्यासाठी चंद्राचा दुसरा पर्यायशब्द योजला आहे. पर्यायशब्दातून वस्तूकडे जाण्याची ही रीत संस्कृत प्रहेलिकांच्या वाचकाला अपरिचित वाटू नये. हाच खेळ शिशाच्या सेलेनियमयुक्त खनिजाच्या बाबतीत पुढे नेला गेला आणि ‘मॉलिब्डोमेनाइट’ हे नाव तयार झाले. ग्रीक ‘मोलिब्डोस’ म्हणजे शिसे. पण आधुनिक रसायनशास्त्रात ‘मॉलिब्डेनम’ हे एका निराळ्याच मूलद्रव्याचे नाव आहे. ज्या खनिजातून ते मिळाले त्याची शिशाच्या खनिजाशी पूर्वी गल्लत होत असे, म्हणून त्याला ते नाव चिकटले. परिणामी ज्या मूलद्रव्याच्या नावात शिसे आहे त्यात शिसे नाही, आणि ज्या खनिजाच्या नावात मॉलिब्डेनम ऐकू येते त्यात मॉलिब्डेनम नाही.

इतकी अनेकार्थता, इतके विपर्यास आणि इतका श्लेष एखाद्या कवितेत आढळला असता तर समीक्षकाने त्यावर स्वतंत्र टिपण लिहिले असते. खनिजशास्त्राच्या व्यवहारात मात्र त्याने तसूभरही व्यत्यय येत नाही. मॉलिब्डोमेनाइट म्हणताच जाणकाराला शिशाचे ते विशिष्ट खनिज कळते. मॉलिब्डेनमची आठवण होऊन तो अडखळत नाही. प्रश्न असा की ही अनेकार्थता जाते कोठे?

५

या प्रश्नाचे उत्तर भारतीय अर्थविचारात फार नेमकेपणाने दिलेले आहे. मम्मटाने रूढीवर आधारलेल्या लक्षणेचे उदाहरण म्हणून ‘कुशल’ हा शब्द दिला: कुश नावाचे गवत तोडून आणणारा हा मूळ अर्थ, आणि त्यावरून निष्णात हा लक्ष्यार्थ. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त यावर आक्षेप घेतला. शब्दाच्या व्युत्पत्तीचे निमित्त वेगळे असते आणि शब्दाच्या प्रवृत्तीचे, म्हणजे वापराचे, निमित्त वेगळे असते. निष्णात हाच ‘कुशल’चा मुख्य अर्थ होय, गवताचा संबंध व्युत्पत्तीपुरता आहे. तसे मानले नाही तर ‘गो’ हा शब्द गमनार्थक धातूपासून आलेला असल्यामुळे बसलेल्या गाईला गाय म्हणतानाही लक्षणा मानावी लागेल.

व्युत्पत्तिनिमित्त आणि प्रवृत्तिनिमित्त यांतील हा विवेक पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात वेगळ्या वाटेने आलेला आहे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्ये विशेषनामांची चर्चा करताना डार्टमथ या गावाचे उदाहरण घेतले. डार्ट नदीच्या मुखाशी वसलेले म्हणून डार्टमथ. पण नदीने पात्र बदलले तरी गावाचे नाव चुकीचे ठरणार नाही. सॉल क्रिपकी यांनी १९७० मधील व्याख्यानांत, जी पुढे १९८० मध्ये स्वतंत्र ग्रंथरूपाने आली, हा विचार सोने किंवा पाणी यांसारख्या नैसर्गिक जातींच्या नावांपर्यंत नेला. वर्णनाच्या साहाय्याने नाव एखाद्या वस्तूशी एकदा बांधले जाते. नंतर ते वर्णन गळून पडले, चुकीचे ठरले, तरी बंध टिकतो. हिलरी पटनम यांनी १९७५ मध्ये त्याला श्रमविभागणीची जोड दिली. सोने ओळखण्याचे काम समाजातील काही जाणकार करतात आणि त्यांच्या भरवशावर इतर सर्व ‘सोने’ हा शब्द बिनदिक्कत वापरतात. पेंटॅगोनाइटच्या नावाने दिशाभूल का होत नाही, याचे उत्तर येथे मिळते. त्या नावाची प्रवृत्ती पंचकोनावर अवलंबून नाही. विशिष्ट अणुरचना असलेल्या द्रव्याशी त्याचा जो बंध जाणकारांच्या समूहाने जपला आहे, त्यावर अवलंबून आहे.

आता आरंभी उल्लेखिलेल्या दोन्ही पक्षांची मर्यादा स्पष्ट होते. शास्त्राचा शब्द घडणीनेच एकार्थी असतो, हे पहिल्या पक्षाचे म्हणणे टिकत नाही. घडणीत तो कवितेतील शब्दाइतकाच, कित्येकदा त्याहूनही अधिक, श्लिष्ट असतो. त्याची एकार्थता ही त्याला वापरणाऱ्या समूहाच्या शिस्तीने निर्माण केलेली असते. पण म्हणून शास्त्राचा शब्दही मुळात रूपकच आहे, हे दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही टिकत नाही. त्या पक्षाची सारी मदार व्युत्पत्तीवर आहे. कोशातून धातू काढायचा, शब्दात निद्रिस्त असलेली प्रतिमा दाखवायची आणि संहितेचा अर्थ तिने उलथून टाकला असे जाहीर करायचे, या वाचनपद्धतीत व्युत्पत्तिनिमित्तालाच प्रवृत्तिनिमित्त मानण्याची चूक आहे. बसलेल्या गाईत लक्षणा शोधण्याचाच तो प्रकार होय. वाघोलीच्या नावात वाघ ऐकू येतो. पण वाघोलीला निघालेला प्रवासी त्यामुळे सावध होत नाही, आणि त्याच्या या निर्धास्तपणाला अर्थाचे विस्मरण म्हणणे बरोबर नाही.

मग व्युत्पत्तीत साठलेला हा ऐवज साहित्यविचाराच्या दृष्टीने निरुपयोगी समजायचा काय? तसे नाही. तो ऐवज शक्यतेच्या स्वरूपात असतो आणि विशिष्ट वाक्यात, विशिष्ट प्रसंगी, विशिष्ट श्रोत्यासमोर तो जागा करता येतो. याचे उत्तम उदाहरण खुद्द व्हॅनेडियमच्या इतिहासातच आहे. सेफस्ट्रम यांच्या शोधाच्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश व्हलर हेही मेक्सिकोच्या त्या शिशाच्या खनिजावर काम करीत होते, पण शोध त्यांच्या हातून निसटला. त्यांचे गुरू बर्झेलियस यांनी १८३१ च्या आरंभी त्यांना एक पत्र लिहिले. दूर उत्तरेत राहणाऱ्या व्हॅनाडिस नावाच्या सुंदर देवतेच्या दारावर एके दिवशी थाप पडते; ती लगेच उठत नाही; थाप देणारा पुन्हा दार न वाजवता निघून जातो; देवता खिडकीतून पाहते तर तो व्हलर असतो. पुढे दुसरा कोणी येतो, तो मात्र दार उघडेपर्यंत थाप देत राहतो; तो सेफस्ट्रम; आणि त्या दोघांच्या मीलनातून व्हॅनेडियम जन्मते. पत्राचा आशय एवढाच.

या पत्रात ‘व्हॅनाडिस’ हे नाव जे कार्य करते ते रसायनशास्त्राच्या ग्रंथात करीत नाही. ग्रंथात ते मूलद्रव्याचा निर्देश करून मोकळे होते. पत्रात तेच नाव शिष्याच्या उणिवेवर बोट ठेवते आणि त्याच वेळी ती उणीव हळुवार हास्यात विरघळवते. गुरूचा ममत्वाचा भाव, अपयशाचे सांत्वन, चिकाटीचा उपदेश हे सर्व येथे व्यंग्य आहे. त्यातले काहीही शब्दांनी सरळ सांगितलेले नाही. आनंदवर्धनाने व्यंग्यार्थाची प्रतीती केवळ शब्दार्थाच्या ज्ञानाने होत नाही, काव्यार्थतत्त्व जाणणाऱ्यालाच होते, असे मानले. मम्मटाने त्या प्रतीतीसाठी वक्ता, श्रोता, प्रकरण, देश, काल यांचे वैशिष्ट्य आवश्यक ठरवले. बर्झेलियस यांच्या पत्रात वक्ता, बोद्धव्य आणि प्रकरण ही तिन्ही उपस्थित आहेत. म्हणून तेथे देवता जागी होते. कॅव्हान्साइटच्या नावात ती आहे, पण निद्रिस्त आहे. ती जागी करणारे वाक्य जोपर्यंत कोणी लिहीत नाही, तोपर्यंत त्या नावाला काव्यात्म म्हणणे म्हणजे बीजाला सावली आहे असे म्हणण्यासारखे आहे.

६

या विवेचनाचा मराठीशी संबंध दोन ठिकाणी येतो. पहिले ठिकाण परिभाषेचे. ज्या खनिजाचे सर्वोत्कृष्ट नमुने मराठी मुलखातील दगडखाणींतून निघाले, त्याला मराठीत स्वतःचे नाव नाही, ही गोष्ट काहींना लाजिरवाणी वाटणे स्वाभाविक आहे. नावाच्या इतिहासात याला एक विरोधाभासी जोडही आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या परिसरातील एका खनिजाला पुण्याच्या तत्कालीन इंग्रजी रूपावरून ‘पूनालाइट’ असे नाव देण्यात आले होते. पुढे ते खनिज स्वतंत्र नसून ‘मेसोलाइट’च असल्याचे ठरले आणि ते नाव मागे पडले. ज्या नावात पुणे होते त्याचा आधार गेला. ज्याचे नाव पुण्याशी जोडले गेले त्याच्या नावात पुणे नाही. प्रवृत्तिनिमित्त नष्ट झाल्यावर व्युत्पत्ती कितीही अभिमानास्पद असली तरी नावाला तारू शकत नाही, याचा हा नमुना आहे.

तेव्हा मराठीने काय करावे? संस्कृत धातूंचा आधार घेऊन रंग वा रचना सांगणारे एखादे यौगिक नाव घडवणे हा एक मार्ग आहे. त्यामागे अशी श्रद्धा असते की अवयवार्थ कळला म्हणजे वस्तू कळली. गार्ग्यांचा आक्षेप या श्रद्धेला पुरेसे उत्तर आहे. निळ्या रंगावरून नाव घडवले तर ते पेंटॅगोनाइटलाही लागू पडेल, कारण तेही निळेच आहे. घटकांवरून घडवले तरी तीच अडचण येईल. मूळ नाव जे काम रूढीच्या बळावर करते, तेच काम नव्या नावालाही रूढीच्याच बळावर करावे लागेल, आणि ती रूढी निर्माण करणारा जाणकारांचा समूह जोवर मराठीत लिहीत-बोलत नाही तोवर कोणतेही सुबोध नाव कोशातच पडून राहील. मराठी विश्वकोशाने बहुतेक खनिजनामे लिप्यंतराने स्वीकारली, यात पराभव नसून एक तात्त्विक समंजसपणा आहे. पतंजलींनी शब्दांच्या प्रवृत्तीचे जे चार प्रकार सांगितले, त्यांतील यदृच्छाशब्द म्हणजे ‘डित्थ’सारखे, अवयवार्थ नसलेले, इच्छेने ठेवलेले नाव. मराठी कानाला ‘कॅव्हान्साइट’ हा असाच एक डित्थ आहे. देवनागरीत लिहिताना त्याचे इंग्रजी सांधेही पुसले जातात: ‘सिलिकेट’मधील ‘सि’ उच्चारात ‘सा’ होतो आणि घटकांची यादी कोणालाही दिसेनाशी होते. यदृच्छेने आलेले नाव पुढे जातिवाचक होऊन सुखाने नांदू शकते.

हा व्यवहार एकेरीही नाही. ‘वैडूर्य’ प्राकृतातून ग्रीकमध्ये जाऊन ‘बेरिल’ झाले. ‘कुरुविंद’च्या कुळातील शब्दावरून ‘कोरंडम’ आले. मराठीत ज्याला टाकणखार म्हणतात त्याचे ‘टंकण’ हे नाव फारसीमार्गे युरोपात पोचून ‘टिंकाल्कोनाइट’ या खनिजाच्या नावात आजही आहे. ‘बेरिल’ उच्चारणाऱ्याला वैडूर्याची आठवण नसते, आणि त्या विस्मरणाने शब्दाचे काही बिघडत नाही.

संबंधाचे दुसरे ठिकाण याहून महत्त्वाचे आहे, आणि ते लोकभाषेचे आहे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत जे जे पांढरे, चकाकते, टोकदार सापडते, त्याला मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या ‘गारगोटी’ म्हणत आला. सिन्नर येथील खनिजसंग्रहालयाने हाच शब्द आपले नाव म्हणून स्वीकारला आहे. शास्त्राच्या दृष्टीने हा शब्द ढोबळ आहे. क्वॉर्ट्‌झपासून स्टिल्बाइटपर्यंत कितीतरी खनिजांना तो एकाच पोत्यात भरतो. पण त्याच्या ढोबळपणामुळेच त्यात प्रसंगानुसार जागे होण्याची क्षमता टिकून आहे. ‘गार’ म्हणजे कठीण दगड, ‘गार’ म्हणजे आकाशातून पडणारा बर्फाचा खडा, आणि ‘गार’ म्हणजे थंड. आणि ही गार वस्तू घासली की ठिणगी पडते. येथे श्लेष शोधण्यासाठी ग्रीक कोश उघडावा लागत नाही. तो बोलणाऱ्याच्या जिभेवर आहे, आणि त्यामुळे त्याचे व्यंग्यात रूपांतर होण्यास एका योग्य वाक्याचाच अवकाश आहे.

शास्त्रीय नाव आणि लोकनाव यांतील खरा भेद या ठिकाणी सापडतो. एकात रूपक आहे आणि दुसऱ्यात नाही, असा तो भेद नव्हे, दोन्हींत आहे. एकाची अनेकार्थता समूहाने शिस्तीने बंद केलेली आहे, दुसऱ्याची उघडी ठेवलेली आहे. लेखक त्यांपैकी कोणताही शब्द उचलू शकतो, कारण बंद केलेले दार उघडणे हे देखील साहित्याचे एक काम आहे. समीक्षकाचे काम मात्र ते दार या संहितेत खरोखर उघडले आहे की नाही, हे तपासण्याचे आहे. दारामागे देवता आहे एवढे कोशाच्या आधारे सांगून त्याला थांबता येणार नाही. थाप कोणी दिली, किती वेळ दिली आणि आतून कोण उठले, हे त्याला संहितेतूनच दाखवावे लागेल.